रोलर याहून हळू जात नाही

रस्ता पूर्ण झाला की आम्ही निघायचो. अब्बा रस्त्याच्या कामावर रोलर चालवत, आणि ते काम असं की जिथे संपतं तिथून कामावरच्या माणसांना हलावंच लागतं. ज्या गावानं जन्मात डांबर पाहिलं नाही त्या गावापर्यंत अब्बा डांबर न्यायचे. गावातली म्हातारी माणसं पहिल्या दिवशी त्यावर अनवाणी चालून बघायची, आणि तोवर आमचं सामान टेम्पोत चढलेलं असायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. आमचं एका टेम्पोत मावायचं: लोखंडी पेट्या, गॅसची शेगडी, अम्मीचं शिलाई मशीन आणि मी.

भामरागडकडच्या शाळेत पोरं गोंडीत हसायची, सिरोंचाकडे तेलुगूत आणि आलापल्लीला मराठीत. कोणाला हसताहेत ते मला सगळ्या भाषांत कळायचं. पुढे पुढे त्याचंही काही वाटेनासं झालं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो ना, तसं होतं ते. दुखत काहीच नाही, फक्त तो पाय आपला वाटत नाही.

नव्या शाळेत कसं राहायचं याचं माझं एक शास्त्र तयार झालं होतं. भिंतीकडची जागा धरायची. विचारलं तेवढंच बोलायचं. कोणाचं नाव पाठ करायचं नाही, कारण ती मेहनत फुकट जाते. भामरागडकडच्या शाळेतले गुरुजी मला शेवटपर्यंत 'नवीन पोरगी' म्हणत. मी गेल्यावर त्यांनी ते दुसऱ्या कुणाला म्हटलं असेल. एकदा चाचणी परीक्षेच्या मधल्या दिवशी आम्ही गाव सोडलं आणि शाळेतून कोणी काही विचारायलाही आलं नाही. अम्मीला त्याचं फार लागलं. मला त्यात लागण्यासारखं काय आहे तेच कळेना.

मी सातवीत असताना अब्बांना मोहर्लीकडचं काम लागलं. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं एक गाव, बहुतेक घरं गोंडांची. त्या गावापासून पलीकडच्या मोठ्या गावापर्यंत जंगलातून गिट्टीची वाट होती, तीच पक्की करायची होती. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढच्या वर्गांतली पोरं त्याच वाटेनं पलीकडच्या हायस्कूलला पायी जायची. आम्हाला गावाबाहेर, कामाच्या कॅम्पजवळ, पत्र्याची एक खोली मिळाली. मी पुस्तकं पेटीवर ठेवली. पेटी उघडली नाही.

पहिल्या दिवशी अब्बा मला गावच्या हापशीवर सोडून गेले. तिथे पोरं जमलेली होती, आणि ती नुसती जमलेली नव्हती, रांगेत उभी होती. पुढे दहावीतली एक पोरगी, हातात तिच्याहून उंच काठी. शेवटी नववीतला एक दांडगा पोरगा. त्याच्या हातात खिचडी खायची स्टीलची ताटली आणि एक चमचा. मधे बाकीची सगळी, लहान पोरं आतल्या बाजूला. काठीवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन्त्या वर्गात?"

"सातवीत."

"मंग तू हिच्या मांगं." तिनं माझ्याच वयाच्या, दोन वेण्या घातलेल्या एका पोरीकडे काठी केली. माझ्यामागे पाचवीतली एक बारकी पोरगी आली. मागची पोरं एक एक पाऊल सरकली आणि रांगेत माझ्यापुरती फट पडली. बाकी काही विचारपूस नाही. मला ते बरंच वाटलं.

मग रांग चालू लागली आणि मला त्यांची रीत कळली. वळण आलं, नाला आला, बांबूचं दाट बेट आलं की काठीवाली मागे न वळता ओरडायची, "मांगं?" तिच्या मागचा म्हणायचा, "हौ!" आणि लगेच तोही विचारायचा, "मांगं?" असं ते एकेकाच्या तोंडून मागे मागे सरकत जायचं. ते शेवटच्यापर्यंत पोचलं की तो ताटली वाजवायचा. ताटली वाजली म्हणजे सगळे आहेत. मधेच कुठे उत्तर आलं नाही तर रांग उभी राहायची. दुसऱ्याच्या वाटचं 'हौ' कोणी म्हणायचं नाही, हा नियम. अगदी मोठ्यानंही नाही. आणि घरून निघताना किंवा शाळेतून परतताना जो रांगेत नसेल त्यानं तसं आधी सांगायचं.

हे सगळं वाघासाठी होतं, पण वाटेत त्याचं नाव कोणी घेत नसे. त्याला 'थो' म्हणत. "थो काल नाल्यावर होता." "थ्याचे पाय दिसून राह्यले." जसा काही तो शेजारच्या आळीत राहतो आणि त्याचं आपलं बोलणं बंद आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी पुटपुटले. काठीवाली थांबली आणि पूर्ण रांग थांबवून मागे आली.

"जोरानं बोल वं. हे मास्तरसाठी नाई, थ्याच्यासाठी हाय. थ्याले आयकू गेलं पायजे."

पोरं हसली. मी जोरानं म्हटलं, आणि मग मागच्या बारकीला विचारलं, "मांगं?" तिनं एवढ्या जोरात 'हौ' केलं की झाडावरचे पोपट उडाले.

कधी कधी आमच्या बाजूनं सफारीच्या जिप्सी जायच्या. त्यांतले लोक मोठाले कॅमेरे घेऊन, तोंडावर बोट ठेवून बसलेले असायचे आणि आमच्या ताटलीच्या आवाजानं वैतागायचे. ज्याला बघायला ते नागपूर-मुंबईहून पैसे भरून आलेले असत तो दिसू नये म्हणून आम्ही ओरडत चालायचो. जगात सगळ्यांनाच आपापल्या मनासारखं कसं मिळणार!

असे काही महिने गेले. सकाळी हौ, संध्याकाळी हौ. शाळेत मी भिंतीकडे बसायची. माझ्यापुढची दोन वेण्यांची पोरगी माझ्याच वर्गात होती, पण वर्गात आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिचं नाव हजेरीत रोज ऐकू यायचं, तरी मी ते लक्षात ठेवलं नव्हतं. मला तिची पाठ तेवढी ओळखीची होती. डावी वेणी उजवीपेक्षा नेहमी जरा सैल असायची. मला वाटे, हे काम पण एक दिवस संपेल, मग दुसरं गाव, दुसरी पाठ. याचं दुःख नव्हतं. सुखही नव्हतं. काहीच नव्हतं, खरं सांगायचं तर.

मग बल्लारपूरला माझ्या फूफीच्या, म्हणजे आत्याच्या मुलीची मंगनी ठरली. अम्मी मदतीला आधीच तिकडे गेली होती. मंगनीच्या दिवशी मधल्या सुट्टीत अब्बा मोटरसायकल घेऊन शाळेत आले, सरांना सांगितलं आणि मला घेऊन निघाले. मी दप्तर उचललं. अंगणात दोन वेण्यांची पोरगी माझ्याकडे पाठ करून ताटली धूत होती. मी तिच्या बाजूनं गेले. सांगावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी नियम मोडला असं नाही. 'जो नसेल त्यानं सांगायचं' हा नियम मला पाठ होता, पण तो ज्यांची वाट बघितली जाते अशा पोरांसाठी आहे असं मी धरून चालले होते. मी गाव सोडून गेले तरी कोणी विचारत नाही, तर एका संध्याकाळचं काय?

मंगनीत मी गोड भात खाल्ला, नव्या बांगड्या भरल्या. अम्मी रात्रीपुरती तिकडेच राहिली. अब्बांना दुसऱ्या दिवशी काम होतं म्हणून आम्ही दोघं दिवस असतानाच निघालो, पण वाटेत चाक पंक्चर झालं आणि जंगलात शिरेपर्यंत दिवस बुडाला. मोबाईलला त्या भागात रेंज नसे. गावात ती फक्त तळ्याच्या पाळीवर एका दगडावर चढलं की यायची.

अब्बांच्या अर्ध्या झालेल्या रस्त्यावर आम्ही वळलो आणि पुढे आवाज ऐकू आला. ताटल्या, डबे, पत्रे. वळणावर गाडीचा दिवा माणसांवर पडला. अर्धा गाव रस्त्यावर होता. बायांच्या हातात काठ्या, गड्यांच्या हातात बॅटऱ्या आणि कुऱ्हाडी, काही जण खाली नाल्यात उतरलेले. मला वाटलं, त्यानं कोणाला तरी नेलं. अब्बांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी एक हात मागे करून माझा हात घट्ट धरला.

"कोण गेलं?" अब्बांनी गाडी थांबवून विचारलं.

बॅटऱ्या माझ्या तोंडावर आल्या. मग कोणीतरी नाल्याकडे तोंड करून ओरडलं, "मिळाली वोऽ! पोरगी मिळाली!" आणि ताटल्या बंद पडल्या.

दोन वेण्यांची पोरगी गर्दीतून धावत आली आणि तिनं माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. ती रडत होती, नाक वाहत होतं, आणि मारताना तिच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हते.

"कुठी गेलतीस वं? काऊन नाई सांगतलं? मी इचारून राह्यली, इचारून राह्यली, अन् मांगून कोनी बोलूनच नाई राह्यलं!"

काय झालं होतं ते मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. भिंतीकडची माझी जागा दुपारनंतर रिकामी होती हे वर्गात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शाळा सुटल्यावर रांग लागली, काठीवालीनं हाक दिली, ती दोन वेण्यांच्या पोरीपर्यंत आली, तिनं विचारलं "मांगं?" आणि मागे नुसती फट. अब्बांनी ज्या सरांना सांगितलं होतं ते रोज चंद्रपूरहून जाणं-येणं करायचे, ते आधीच निघून गेले होते. पोरांनी शाळा धुंडाळली, संडास बघितले, शेजारचा मोहाच्या झाडांचा बांध बघितला. कोणीतरी म्हणालं, ती कॅम्पवाली आहे, गेली असेल आपल्या लोकांसोबत, चला आता अंधार पडेल. एकानं पाचवीतल्या बारकीला सांगितलं, तूच तिच्या वाटचं हौ म्हणून टाक आणि चल. बारकी ऐकेना. "थे माही जागा नोहे," म्हणाली. "मी नाई म्हनत." तेवढ्या एका गोष्टीवर ती सगळी पोरं, दहावीपासून पाचवीपर्यंत, शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. ती घरी आली नाहीत म्हणून गाव त्यांना शोधत आला, आणि ती सापडली तेव्हा गाव मला शोधायला लागला.

एक पांढऱ्या मिशांचे गडी अब्बांपाशी आले. दोन वेण्यांच्या पोरीचे आजोबा होते ते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"भाऊ," ते म्हणाले, "आपली पोरगी हाय, घेऊन जा, कोन नाई म्हन्ते? पन रांगेले सांगून त जात जा."

अब्बांनी सगळ्यांपुढे हात जोडले. "चुकलं भाऊ. मले मालूम नव्हतं."

मला रडू आलं नाही. पाठ दुखत होती. घरी येऊन मी अंथरुणावर पालथी पडले आणि बुक्क्या बसल्या तिथे हात लावून बघत राहिले. इतके महिने झोपलेला पाय जागा होताना जशा मुंग्या येतात तसं काहीतरी होत होतं, आणि ते मुळीच सुखाचं नव्हतं. मी नव्हते, आणि मी नाही हे कोणाला तरी कळलं होतं. माझ्या आकाराची एक रिकामी जागा तिथे उभी होती आणि तिच्यासाठी पोरं घरी गेली नव्हती. हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी हापशीवर जायचा धीर होईना. रांगेत घेतील की नाही हेच ठाऊक नव्हतं. जाऊन बघते तर रांग लागलेली, दोन वेण्या आणि बारकी यांच्यामध्ये फट तशीच सोडलेली. काठीवाली म्हणाली, "येऊन राह्यली का नाई? उशीर होऊन राह्यला." मी जागेवर उभी राहिले. नाल्यापाशी हाक आली तेव्हा पुढची मागे न बघता चिडक्या आवाजात ओरडली, "मांगं?" आणि मी 'हौ' म्हटलं तेव्हा माझा आवाज चिरकला.

त्यानंतर मी नावं पाठ केली. काठीवालीचं, बारकीचं, ताटलीवाल्याचं, मधल्या सगळ्यांचं. घरचं नाव, शाळेतलं नाव, कोणाला कशानं चिडवतात तेही. ती नावं इथे लिहीत नाही, ती माझ्याकडेच राहू देते. दोन वेण्यांची पोरगी वर्गात माझ्या बाकावर आली आणि मला ढकलून भिंतीकडची जागा तिनं घेतली. "सारी हवा तूच खाऊन राह्यली," म्हणाली. खिडकी तिथे होती हे मला तोवर दिसलंच नव्हतं. तिची सैल डावी वेणी मी मधल्या सुट्टीत पुन्हा घालून द्यायला लागले.

मी खुशीत होते असं कोणाला वाटेल. पण मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त काय वाटत होतं तर भीती, आणि ती वाघाची नव्हती. रस्ता जवळ येत होता. आधी रोलरचा आवाज नाल्याच्या अलीकडे होता. मग नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल झाला आणि तो आवाज पलीकडे गेला. मग एक दिवस भूगोलाच्या तासाला तो खिडकीतून ऐकू आला. वर्गातली पोरं खूश झाली, कारण रस्ता झाला की एसटी सुरू होणार होती. एसटी आली की पायी जाणं नको, काठी नको, पावसात भिजणं नको. सगळ्या गावाचं भलं होणार होतं आणि ते माझे अब्बा रोज थोडं थोडं पुढे ढकलत होते. तक्रार कोणाकडे करायची?

तरी एकदा जेवताना मी विचारलं, अब्बा, काम थोडं हळू नाही का करता येत?

अब्बा हसले. "रोलर इससे धीरे नहीं चलता, बेटा." मग माझ्याकडे पाहून त्यांचा घास हातातच राहिला. अम्मीनं त्या खेपेला पेट्या काढायला नेहमीपेक्षा बराच उशीर केला. तिनंही त्या गावात शिवणाची गिऱ्हाईकं केली होती, पोलकी शिवून द्यायची.

शेवटी रस्ता झाला. म्हातारी माणसं त्यावर अनवाणी चालून गेली. दोन वेण्यांच्या पोरीचे आजोबा मधेच बसून डांबराला हात लावून बघत होते. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना रांग शेवटची चालली, नव्या काळ्या रस्त्यावरून. चपलांचा आवाज वेगळाच येत होता. मी उद्या जाणार आहे हे मी या वेळी सांगितलं. एकेकाला, रांगेतल्या सगळ्यांना. काठीवाली म्हणाली, "बरं." दोन वेण्यांची पोरगी तशीच चालत राहिली. मलाही पुन्हा तो जुना सुन्नपणा आला, आणि खरं म्हणजे मला तो त्या वेळी हवाच होता.

सकाळी सामान टेम्पोत चढलं. अम्मी पुढे ड्रायव्हरजवळ बसली, अब्बा रोलरसोबत मागून येणार होते. मी हौद्यात, पेट्यांवर. गावाच्या तोंडाशी आमचा टेम्पो थांबला, कारण समोर पहिल्या दिवसाची एसटी उभी होती, हार घातलेली, आणि पोरं तिच्यात चढत होती. चढत होती म्हणजे चढायची होती. दारापाशी रांग लागलेली होती. काठीवालीचा एक पाय पायरीवर होता. काठी नव्हती, पण जागा सगळ्यांच्या त्याच होत्या, आणि दोन वेण्या आणि बारकी यांच्यामध्ये फट होती.

"चला, चला, लवकर!" कंडक्टर म्हणाला.

काठीवाली चढली नाही. समोर बघत ओरडली, "मांगं?"

हौ. मांगं? हौ. मांगं? ते एकेकाच्या तोंडून सरकत आलं. कंडक्टर खिडकीतून डोकावून बघायला लागला. दोन वेण्यांच्या पोरीनं 'हौ' म्हटलं आणि या वेळी ती मागे वळली. रीत मोडून, तोंड टेम्पोकडे करून ओरडली, "मांगं?"

मी पेटीवर बसूनच होते. बारकी माझ्या रिकाम्या जागेच्या मागे तोंड घट्ट मिटून उभी होती. एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आमच्या टेम्पोवाल्यानंही वाजवला. कोणी हललं नाही. मला माहीत होतं, मी बोलले नाही तर ही पोरं इथून हलणार नाहीत. पहिल्या दिवसाची एसटी चुकली तरी नाही, दिवस बुडाला तरी नाही. मला तसंच राहावंसं वाटलं. ती अशीच उभी राहावीत, गाडी निघून जावी, टेम्पोवाल्यानं कंटाळून सामान उतरवून ठेवावं.

मी पेटीवर उभी राहिले, दोरी धरली आणि जंगलात 'थ्याले' ऐकू जाईल इतक्या जोरानं ओरडले, "हौऽ!" मग रडत रडत विचारलं, "मांगं?"

बारकीनं 'हौ' केलं. ते पुढे शेवटपर्यंत गेलं आणि ताटली वाजली.

मग ती सगळी एसटीत चढली.